हुवेबेस म्हणजे गुरुवार

साधना गायसमुद्रे मला आवडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर लोक त्याच्याबद्दल जसं गोडगोड लिहितात, तसं मला लिहायचं नाही. आणि ती गेलेलीही नाही. दापोडीत राहते, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत. ठणठणीत आहे. फक्त माझ्याशी बोलत नाही.

अकरा वर्षं आम्ही दोघी एका सीटवर बसून चाकणला गेलो. मी जुन्या सांगवीतून पूल ओलांडून दापोडीच्या स्टॉपवर यायचे, ती तिच्या गल्लीतून यायची. पावणेसहाला कंपनीची बस. ती खिडकीशी, मी कडेला. मी बडबडी आणि ती घुमी. काही विचारलं की आधी विचार करायची, मग उत्तर द्यायची, आणि तेवढ्यात मोशीचा स्टॉप यायचा आणि बस भरायची. अशा माणसांचा मला राग येतो. सारखं वाटत राहतं की ही आपल्याला जोखतेय.

तिच्याबद्दल एक गोष्ट मात्र मला नीट माहीत होती. तिचे वडील लातूरकडून आले आणि पिंपरीत एका कारखान्यात लागले. आमच्या ह्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. अशीच एक गुरुवारची सुट्टी काढून ते शुक्रवारी सकाळी डबा घेऊन गेले, तर गेटला कुलूप. आतल्या मशिनी आदल्या दिवशीच हलवलेल्या. साधना तेव्हा नववीत होती. "आण्णांना कुलूप बघून कळलं," एवढंच ती म्हणाली होती, आणि मोशी आली होती.

आमची लाइन चार नंबरची. ट्रॅक्टरच्या वायरिंगचं काम, आणि सगळ्या बायकाच, अडतीस जणी. दाराएवढा लाकडी बोर्ड तिरका उभा असतो, त्यावर खुंट्या. खुंट्यांवरून वायरी टाकायच्या, जुडगा करायचा, टेप मारायचा. जुडगा पत्र्याच्या भोकातून जातो तिथे कापू नये म्हणून त्यावर रबराची एक टोपी चढवायची. हे टोपीचं काम सगळ्यात वाईट. पावसाळ्यात, उन्हाळ्यात चढते. थंडीत सकाळच्या पाळीला रबर असं कडक होतं की एक तर टोपी फाटते, नाही तर अंगठा.

त्यावरचा इलाज मी काढला, नऊ वर्षांपूर्वी. जुन्या पायमोज्यात टोप्या भरायच्या आणि मोजा कपड्यांच्या आत पोटाशी खोचायचा. बसमध्ये बसल्यापासून कंपनीत पोचेपर्यंत तासाभरात टोप्या पोटाच्या उबेने मऊ होतात. आदल्या दिवशी सुट्टी होताना उद्याच्या टोप्या घरी न्यायच्या, हे नियमात बसत नाही. म्हणून कुठल्याही कागदावर हे नाही. पण थंडीतही चार नंबरचा माल कधी मागे पडला नाही, तो माझ्या पोटामुळे, असं मी लाइनला ऐकवायचे. लाइनही ऐकून घ्यायची.

ऑक्टोबरात फिलिपिन्सवरून अकरा पोरी आल्या. एचआरचा प्रज्वल सर त्यांना घेऊन लाइनवर आला. म्हणाला, "ह्या आपल्या तिकडच्या नव्या प्लांटच्या. तीन महिने तुमच्याकडे शिकतील. लाइन कुठेही जात नाही, ताई, ही फक्त ट्रेनिंग आहे." त्याचं वय माझ्या भाच्याएवढं. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या बोर्डाकडे बघत होता.

आम्ही काय दूधखुळ्या होतो? तिकडे नवा प्लांट, इथे शिकायला अकरा जणी, आणि त्या बरोबर चार नंबरवरच. दुपारी कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांना गोळा केलं. ठरवलं, कागदावर आहे ते सगळं शिकवायचं. कागदावर नाही ते मेलं तरी शिकवायचं नाही. थंडी आली की बघू कशा चढवतात टोप्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. साधनानेही डोलावली.

पोरी कामाला चटपटीत होत्या, हे कबूल करायला मला जड जातं. पण उद्धट वाटायच्या. "समजलं का?" म्हणून खुणेनं विचारलं की दोन्ही भुवया वर उडवायच्या. आमच्याकडे अशा भुवया उडवतात त्या भांडण काढायला. मी एकीला तीन वेळा टेप मारून दाखवला, तिन्ही वेळा तिने भुवया उडवल्या. चौथ्या वेळी मी टेपचा रोल आपटला आणि चहाला निघून गेले.

दिवाळीच्या आधी साधना कॅन्टीनमध्ये म्हणाली, "मी त्यांची भाषा शिकते."

"कशाला गं?" मी विचारलं.

"त्या आपसात बोलतात ना. लाइन कधी जाणार ते त्यांना माहीत असणार. मला कुलूप बघून कळायला नको."

अख्खं टेबल हसलं. बाई दहावी, तीही मराठी शाळेतली. भाषेचं नाव तागालोग. क्लास कुठे नाही, मास्तर कोणी नाही. मोबाइलवर एक अॅप मिळालं, तेही इंग्रजीतून शिकवणारं. म्हणजे तागालोग शब्दाचा इंग्रजी अर्थ यायचा, मग ही शाळेतली फाटकी डिक्शनरी काढून त्या इंग्रजीचा मराठी अर्थ शोधायची. एका शब्दाला दोन फेऱ्या. कंपनीचे रद्द झालेले तपासणीचे कागद पाठकोरे घेऊन तिने वही शिवली आणि त्यात देवनागरीत शब्द उतरवायला लागली. एका कानात वायर, मांडीवर वही, ओठ हलतायत. शेजारी मी. माझं तर डोकंच फिरायचं.

पहिले दहा दिवस ती 'मगा, मगा' म्हणत होती. त्यांच्यात एकाचे अनेक करायला तो शब्द लावतात म्हणे, आणि अक्षरं तशीच आहेत. मग एकदा लाइनवर त्या पोरींच्या तोंडून ऐकलं, तर त्या 'मंगा' म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बाई वहीची सगळी पानं उलटून एकेक 'मगा' खोडत बसली. मी म्हटलं, "दहा दिवस चुकीचं घोकलंस की." ती म्हणाली, "शिकवायला कुणी नाही म्हटल्यावर असंच होणार, इंदुताई." आणि पुढचं पान खोडायला लागली.

मला सांगायला यायची, हा तिचा मूर्खपणा. "साबणाला त्या साबोनच म्हणतात, इंदुताई." मी म्हटलं, "मग धू त्यांचे पाय त्याने." एकदा म्हणाली, "त्यांच्या वाक्यात काम आधी येतं, माणूस मागून." मी म्हटलं, "कंपनीतही तेच आहे, त्यासाठी वही कशाला शिवायची?" एकदा म्हणाली, "भेटल्या की आधी विचारतात, कुमाइन का ना? म्हणजे जेवलीस का? आपल्यासारखंच." मी म्हटलं, "आपलाच घास खायला आल्यात, विचारणारच."

त्यानंतर तिने मला सांगणं बंद केलं. मला ते लागलं, पण मी दाखवलं नाही.

त्या अकरा जणींत मारिसेल म्हणून एक होती, बारकी, हसरी. साधना तिच्याशी दोन-दोन शब्द बोलायला लागली. ती साधनाला 'आते' म्हणायची. त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. आमच्या लाइनवरच्या दिव्याने लगेच सुरू केलं, "बघा, परदेशातली भाची मिळाली आत्याबाईंना." मग कुणीतरी म्हणालं की साधनाला तिकडे ट्रेनर म्हणून नेणार आहेत. हे कुणी म्हणालं ते मला माहीत आहे. मीच म्हणाले. खरं होतं म्हणून नाही, राग होता म्हणून. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या कंपनीत झालं, आणि दोन दिवसांनी मलाच खरं वाटायला लागलं. मी बसमधली सीट बदलली. मागे जाऊन बसले. साधनाच्या शेजारची जागा मोशीपर्यंत रिकामी जायची, कुणी बसायचं नाही.

डिसेंबरात थंडी पडली. पोरींच्या हातात टोप्या फाटायला लागल्या. अंगठ्यांना टेप गुंडाळून त्या काम करायच्या आणि सुपरवायझर त्यांच्यावर ओरडायचा. मारिसेल एकदा बाथरूमच्या दाराशी तोंड फिरवून रडत होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मला आतून बरं वाटलं.

आणि एका मंगळवारी सकाळी मारिसेलने एप्रनच्या आतून पायमोजा काढला.

माझा पायमोजा नव्हे, पण तशीच गाठ, तशाच टोप्या. एका मागोमाग एक सरसर चढवत गेली. दहा मिनिटांत बाकीच्या दहा जणींकडेही मोजे दिसले. सगळी लाइन माझ्याकडे बघत होती, आणि मी साधनाकडे.

पाळी सुटल्यावर लॉकरच्या खोलीत आम्ही तिला घेरलं. "तू सांगितलंस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "इंदुताई, ऐका तरी. त्यांच्याकडे..."

"त्यांच्याकडे काय? त्यांच्याकडे जायचंय तुला! नऊ वर्षं पोटाशी धरून मी हे जपलं आणि तू चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून वाटून आलीस?"

"तसं नाही ओ. तुम्ही ऐकूनच घेत नाही."

मी ऐकूनच घेत नव्हते. मग मागून एकीने तोंड सोडलं आणि ती साधनाच्या जातीवर गेली. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. अकरा वर्षं एका टेबलावर डबे उघडले होते आम्ही. लाइनवरच्या एकीनेही तिला गप्प केलं नाही. मी सगळ्यांत मोठी, माझ्या एका शब्दावर ती गप्प झाली असती. मी माझं लॉकर बंद करत राहिले. साधनाने पर्स उचलली आणि बसला न येता चालत हायवेपर्यंत गेली. त्या दिवसापासून तिने डबा एकटीने खाल्ला, आणि तिची वही मोठी होत गेली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारीच, ती कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलाशी आली. कुणी सरकून जागा दिली नाही. उभ्यानेच बोलली.

"परवा गुरुवारी आपल्या सुट्टीत बोर्ड काढणार आहेत. सगळी लाइन. कंटेनर साडेदहाला येणार. शुक्रवारी ह्या पोरी परत जाणार. मारिसेलने सांगितलं."

"प्रज्वल सर म्हणतात जात नाही," दिव्या म्हणाली.

"सर म्हणतात ते मला माहीत आहे. मी तिला तीन वेळा विचारलं. काइलान, म्हणजे कधी? ती म्हणाली हुवेबेस. हुवेबेस म्हणजे गुरुवार. मी पुन्हा विचारलं, हुवेबेसच ना? तर तिने भुवया वर केल्या. त्यांच्यात भुवया वर केल्या म्हणजे 'हो'. नुसतं हो. आपण उगाच चिडायचो."

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे एका पोरीने भुवया उडवल्या म्हणून अडतीस बायकांनी सुट्टीच्या दिवशी गेटवर येऊन बसायचं?"

"हो," साधना म्हणाली. "बोर्ड जागेवर आहेत तोवर आपल्याशी बोलतील. दुसऱ्या लाइनवर घेतो असं लिहून मागू. बोर्ड गेले की आपण कोण? इंदुताई, तुम्ही म्हणालात तर सगळ्या येतील. माझ्या शब्दावर कुणी येणार नाही, ते मला कळतंय."

हे तिने सगळ्यांसमोर म्हटलं. आवाज चढवला नाही. आणि मला काय दिसलं तर कंपनीने पाठवलेली बाई. मला वाटलं, आम्ही गेटवर गोंधळ घातला की आम्हाला काढायला कंपनीला कारण मिळेल, आणि त्यासाठीच हिला पाठवलंय. मी तसं बोलून दाखवलं. बाकीच्या जणी डब्यात बघायला लागल्या. साधना फक्त म्हणाली, "साडेदहा लक्षात ठेवा," आणि गेली.

गुरुवारी मी गोधड्या धुवायला काढल्या. सात गोधड्या. सांगवीत आमच्या गच्चीवर पाणी चांगलं चढतं आणि ऊन छान होतं. काठीने बडवताना प्रत्येक फटक्याला मी साधनाला शिव्या देत होते. साडेदहाला फोन वाजला. साधनाचं नाव. माझे हात ओले होते. पाण्याचे हात पुसायला काय लागतं, पदर होता की. मी फोन वाजू दिला. अकराला पुन्हा वाजला. मग नाही वाजला.

शुक्रवारी आम्ही कंपनीत गेलो तर चार नंबरच्या जागी फरशी होती. फरशीवर बोर्डांच्या पायांचे डाग, कडेने पिवळे पट्टे, आणि कोपऱ्यात झाडून ठेवलेले टेपचे तुकडे. प्रज्वल सर टेबल टाकून बसला होता आणि नावं घेऊन कामावरून कमी केल्याची पत्रं देत होता. माझं नाव सातवं आलं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "काल ती एक बाई आली होती. गायसमुद्रे. दिवसभर इथं उभी होती. कंटेनरपुढं उभी राहिली तर बाजूला केली तिला. मी म्हटलं, बाई, एकटीनं काय होतंय?"

साधना शुक्रवारी आलीच नाही. तिचं पत्र टपालाने गेलं.

अडतीस जणी गेटवर बसलो असतो तर कंटेनर थांबला असता का, मला माहीत नाही. कदाचित नसता. हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते. पण पुण्याच्या लेबर ऑफिसात जो माणूस भेटला, त्याने पहिला प्रश्न हाच विचारला: "सामान हलवताना तुमच्यातलं कोण हजर होतं?"

लॉकर रिकामे करायला बोलावलं तेव्हाही साधना आली नाही. तिच्या लॉकरमध्ये एक स्टीलचा डबा, एप्रन आणि ती वही होती. दापोडीच्या स्टॉपवरची मीच, म्हणून वॉचमनने सगळं माझ्याकडे दिलं. बसमध्ये मी वही उघडली नाही. पुलावर पोचले तेव्हा उघडली. कठड्याशी उभी राहून पानं उलटत होते. आकडे, वार, महिने, भाज्या, नातेवाईक. प्रत्येक शब्दापुढे आधी इंग्रजी, मग मराठी, कुठे खाडाखोड. एका पानावर वर लिहिलं होतं 'ऋतू'. खाली दोनच शब्द. ताग-इनित, उन्हाळा. ताग-उलान, पावसाळा. आणि त्याखाली तिच्या बारीक अक्षरात, नोव्हेंबरातली तारीख घालून:

'हिवाळा दिलेलाच नाही. मारिसेलला विचारलं. त्यांच्या गावी थंडी पडतच नाही, रबर कधी कडक होत नाही. म्हणजे टोप्या शेकायची युक्ती त्यांना तिकडे काहीच कामाची नाही. ती त्यांना इथल्यापुरती दिली तर आपलं काही जात नाही, आणि त्या बदल्यात तारीख विचारता येईल. इंदुताईंना सांगणे.'

'इंदुताईंना सांगणे' ह्याच्या खाली दोन रेघा होत्या.

पुलावरून मी तशीच परत दापोडीत गेले. तिची गल्ली माहीत होती, घर मात्र विचारावं लागलं. अकरा वर्षांत मी तिच्या घरी गेले नव्हते, आणि का, ह्याचंही उत्तर मला माहीत आहे. दार तिनेच उघडलं. मी डबा, एप्रन आणि वही पुढे केली. तिने वहीकडे पाहिलं, ती उघडली गेलीय हे तिला कळलं.

"मी वाचलं," मी म्हटलं. "साधना, मला त्या दिवशी लॉकरच्या खोलीत ऐकायला..."

तिने मला तिथेच थांबवलं. नेहमीसारखा आधी विचार केला. मोशी यायची नव्हती, त्यामुळे मला पूर्ण वेळ उभं राहावं लागलं.

"गुरुवारी काय करत होता, इंदुताई?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. बरं नव्हतं, फोन बिघडला होता, मुलीकडे रावेतला गेले होते. काहीही चाललं असतं.

"गोधड्या धूत होते," मी म्हटलं.

"वाळल्या का?"

"वाळल्या."

तिने मान हलवली, वही घेतली आणि दार लावून घेतलं.